मोहाची दोन पिके

कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवरचा मोह वर्षाला दोन पिके देतो. फाल्गुन-चैत्रात फुले, पावसाच्या तोंडावर फळे. पाने झडलेल्या झाडाची फिकट पिवळी, मांसल फुले रात्रीतून गळतात आणि पहाटे वेचली जातात. चार-पाच दिवस उन्हात पडली की ती मनुकांसारखी तांबूस आणि चिवट होतात. भाजून, उकडून किंवा पिठात मिसळून ती खातात. मोहट्यांचे, म्हणजे फळांतल्या बियांचे, तेल थंडीत तुपासारखे थिजते. ते खायला, दिव्याला आणि अंगाला लावायला चालते. तरीही मोह म्हटले की आधी दारूच आठवते. ही ओळख झाडाने मिळवलेली नाही, अबकारी कायद्याने ती त्याच्यावर लादली, असे मला वाटते.

पुरावा कायद्यातच आहे. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणे आणि विकणे सरकारी परवान्याखाली आणले. गावठी भट्टी त्याने मिटली नाही, म्हणून 1892 च्या खास कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत खुद्द मोहफुलांवरच निर्बंध आले. झाड तेच, रान तेच, वेचणारे हातही तेच. मोहट्या मात्र मोकळ्या राहिल्या, कारण तेलावर अबकारी नव्हती. चैत्रात घरातले धान्य संपत आले की ज्या फुलांवर दिवस काढायचे, तीच घरात ठेवणे आता संशयाचे झाले.

दारूने कातकरी-ठाकूर घरांची धूळधाण झाली, मग सरकारने वाईट काय केले, असे कोणी विचारील. धूळधाण झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण व्यसनमुक्ती हाच हेतू असता, तर त्याच काळात उरणच्या परवानाधारक भट्ट्यांत पंचमहालातून आणलेल्या मोहफुलांची दारू गाळली गेली नसती. कर भरलेली दारू चालत होती. बंदी होती ती कर चुकवणाऱ्या फुलावर. दारूबंदी ही नीतीची बाब म्हणून पुढे 1949 च्या कायद्यात आली, तोवर दोन पिढ्यांनी मोहाकडे गुन्ह्याचे साधन म्हणूनच पाहिले होते. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वनवासींची मालकी मान्य केली. ती मालकी खरी व्हायची, तर मोहफूल आधी अन्नाच्या रांगेत परत बसले पाहिजे.