ओके

ओके हा संमती, स्वीकृती, पोच किंवा समाधानकारक स्थिती दर्शवणारा इंग्रजी भाषेतील शब्द आहे. त्याचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत झाला. आज तो मराठीसह जगातील असंख्य भाषांमध्ये भाषांतर न करता वापरला जातो. इंग्रजीत हा शब्द तीन प्रकारे लिहिला जातो: 'ओ' आणि 'के' ही दोन मोठी अक्षरे जोडून, प्रत्येक अक्षरानंतर पूर्णविराम देऊन किंवा चार अक्षरांचा पूर्ण शब्द म्हणून. तिन्ही लेखनपद्धतींचा उच्चार आणि अर्थ एकच आहे. मराठीत 'ओके' हे लेखन रूढ असून बोलीत 'ओक्के' असा जोर दिलेला उच्चारही ऐकू येतो.

व्युत्पत्ती

ओके हे मुळात एका विनोदी आद्याक्षरीचे रूप आहे. इ.स. १८३० च्या दशकात बॉस्टन आणि न्यू यॉर्क येथील वृत्तपत्रांमध्ये शब्दसमूहांची आद्याक्षरे छापण्याची लाट आली होती. त्यातही मूळ शब्द मुद्दाम चुकीच्या वर्णलेखनाने लिहून त्यांची आद्याक्षरे घेणे विशेष गमतीचे मानले जाई. 'ऑल करेक्ट' म्हणजे 'सर्व बरोबर' या शब्दसमूहाची योग्य आद्याक्षरे 'ए' आणि 'सी' अशी होतात. उच्चाराप्रमाणे चुकीचे लेखन केल्यावर ती 'ओ' आणि 'के' झाली. 'सर्व बरोबर' असे सांगणारी अक्षरे स्वतःच चुकीची असणे, हा त्यातील विनोद होता.

या शब्दाचा सर्वांत जुना ज्ञात छापील वापर २३ मार्च, इ.स. १८३९ रोजी 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट' या वृत्तपत्रात आढळतो. त्या काळी अशा अनेक आद्याक्षऱ्या प्रचारात होत्या. त्यांपैकी बहुतेक काही वर्षांतच विस्मृतीत गेल्या. ओके टिकून राहण्यामागे राजकीय कारण होते. इ.स. १८४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत तत्कालीन अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरन पुन्हा उमेदवार होते. न्यू यॉर्क राज्यातील किंडरहूक हे त्यांचे जन्मगाव असल्यामुळे त्यांना 'ओल्ड किंडरहूक' असे टोपणनाव मिळाले होते. त्याची आद्याक्षरेही 'ओ' आणि 'के' अशीच असल्याने त्यांच्या समर्थकांनी 'ओके क्लब' स्थापन केले आणि ही अक्षरे घोषणा म्हणून वापरली. विरोधकांनी त्याच अक्षरांचे उपहासात्मक अर्थ लावले. माजी अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना शुद्ध लिहिता येत नसल्याने ते कागदपत्रांवर अशी अक्षरे लिहीत, अशी वावडीही याच प्रचारात उठली. व्हॅन ब्यूरन निवडणूक हरले आणि विल्यम हेन्री हॅरिसन विजयी झाले, परंतु दोन्ही बाजूंच्या प्रचारामुळे हा शब्द देशभर पोहोचला.

हा इतिहास अमेरिकी भाषाभ्यासक ॲलन वॉकर रीड यांनी जुन्या वृत्तपत्रांच्या आधारे शोधून काढला. इ.स. १९६३ आणि १९६४ मध्ये 'अमेरिकन स्पीच' या नियतकालिकातील लेखमालेत त्यांनी तो सविस्तर मांडला.

इतर मते

रीड यांच्या संशोधनापूर्वी आणि नंतरही ओकेच्या उगमाविषयी अनेक मते मांडली गेली. अमेरिकेतील मूलनिवासी चॉक्टॉ लोकांच्या भाषेत 'असेच आहे' या अर्थाचा मिळताजुळता शब्द आहे. अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना हे मत मान्य होते आणि ते या शब्दाचे लेखन त्यानुसार करीत. पश्चिम आफ्रिकेतील वोलोफ आणि इतर भाषांतील होकारार्थी शब्दांशीही ओकेचा संबंध जोडला जातो. 'सर्व छान' या अर्थाचा ग्रीक शब्दप्रयोग आणि 'होय' या अर्थाचा स्कॉटिश उद्गार हेही मूळ म्हणून सुचवले गेले आहेत. ध्वनिसाम्य असले तरी इ.स. १८३९ पासूनच्या छापील नोंदींची सलग साखळी वृत्तपत्रीय विनोदाच्या मताला पाठिंबा देते. त्यामुळे बहुतेक कोशकार ते मत स्वीकारतात.

प्रसार

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तारायंत्र चालवणारे कर्मचारी संदेश मिळाल्याची पोच म्हणून ही दोन अक्षरे पाठवू लागले. कार्यालयीन कागदपत्रांवर मंजुरीची खूण म्हणूनही त्यांचा वापर होऊ लागला. विसाव्या शतकात अमेरिकी चित्रपट, सैन्य, व्यापार आणि दूरध्वनी यांच्यामार्फत हा शब्द अमेरिकेबाहेर पसरला. २० जुलै, इ.स. १९६९ रोजी अपोलो ११ मोहिमेचे यान चंद्राच्या पृष्ठभागाला टेकल्यानंतर इंजिन बंद करताना बझ ऑल्ड्रिन यांच्या तोंडून निघालेल्या पहिल्या काही शब्दांत ओकेचा समावेश होता.

अर्थ आणि व्याकरण

इंग्रजीत ओके हा शब्द उद्गारवाचक, विशेषण, क्रियाविशेषण, नाम आणि क्रियापद अशा पाचही प्रकारे वापरला जातो. वाक्यातील स्थान आणि बोलण्याचा सूर यांवरून त्याचा अर्थ ठरतो.

संमती: विनंती किंवा प्रस्ताव मान्य असल्याचे सांगणे. मराठीत या जागी 'चालेल' किंवा 'ठीक आहे' असे म्हटले जाते.

पोच: सांगितलेले ऐकले वा समजले, एवढेच कळवणे. यात संमती असतेच असे नाही. संमती आणि पोच यांतील ही सरमिसळ या शब्दामुळे होणाऱ्या गैरसमजांचे प्रमुख कारण आहे.

सुखरूप स्थिती: पडलेल्या किंवा आजारी व्यक्तीला 'तू ओके आहेस ना?' असे विचारले जाते, तेव्हा इजा झाली नाही ना, असा अर्थ असतो.

मध्यम दर्जा: चित्रपट, जेवण किंवा निकाल ओके आहे असे म्हणताना तो वाईट नाही, पण फार चांगलाही नाही, असे सुचवले जाते. भारतीय इंग्रजीत आणि मराठीत यासाठी 'ओके-ओके' अशी द्विरुक्ती केली जाते.

नम्र नकार: चहा किंवा मदत देऊ केल्यावर 'आय ॲम ओके' असे उत्तर आल्यास त्याचा अर्थ 'नको, आभारी आहे' असा होतो. इंग्रजी शिकणाऱ्यांना हे उत्तर होकारासारखे वाटण्याची शक्यता असते.

परवानगी: 'असे केले तर ओके आहे का?' या प्रश्नातून हरकत नसल्याची खात्री करून घेतली जाते.

विषयांतर: संभाषणाचा एक भाग संपवून दुसरा सुरू करताना 'ओके' म्हटले जाते. शिक्षक किंवा सभेचे संचालक नवा मुद्दा घेताना त्याचा असा वापर करतात. येथे त्याला स्वतंत्र अर्थ नसतो. तो केवळ संवादाची दिशा दाखवतो.

लेखी संदेशांत, विशेषतः भ्रमणध्वनीवरील संभाषणात, या शब्दाचे केवळ 'के' हे एक अक्षर पाठवले जाते. ते अनेकदा तुटक किंवा नाराजीदर्शक समजले जाते. इ.स. २०१९ मध्ये तरुण पिढीने ज्येष्ठांच्या उपदेशाला उपरोधाने उत्तर देण्यासाठी 'ओके बूमर' हा शब्दप्रयोग लोकप्रिय केला. त्यात ओकेचा अर्थ संमती असा नसून 'पुरे झाले' असा होतो.

हवाई वाहतूक आणि सुरक्षितता

दैनंदिन बोलण्यात सोयीची ठरणारी ओकेची संदिग्धता सुरक्षिततेच्या क्षेत्रात धोकादायक ठरू शकते. २७ मार्च, इ.स. १९७७ रोजी स्पेनच्या कॅनरी बेटांमधील टेनेरीफ येथील विमानतळावर दाट धुक्यात केएलएम आणि पॅन ॲम या कंपन्यांची दोन बोईंग ७४७ विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. या अपघातात ५८३ जणांचा मृत्यू झाला. मृतांच्या संख्येनुसार हा दोन विमानांच्या टकरीचा इतिहासातील सर्वांत मोठा अपघात आहे.

केएलएमच्या वैमानिकांनी आपण उड्डाणाच्या स्थितीत असल्याचे कळवले, तेव्हा नियंत्रकाने 'ओके' म्हणून उत्तराला सुरुवात केली आणि पुढे थांबण्याची सूचना दिली. त्याच क्षणी पॅन ॲमच्या विमानानेही आपण अद्याप धावपट्टीवर असल्याचा संदेश पाठवला. दोन्ही प्रक्षेपणे एकमेकांत मिसळल्याने केएलएमच्या कक्षात पुढील सूचना स्पष्ट ऐकू आली नाही. 'ओके' तेवढे ऐकू आले. नियंत्रकाच्या दृष्टीने तो शब्द पोच होता. परवानगी मिळाल्याच्या समजुतीत असलेल्या वैमानिकांना त्यातून आपले म्हणणे मान्य झाल्याचे वाटू शकत होते.

अपघाताचे मूळ कारण परवानगीविना सुरू केलेले उड्डाण हे होते आणि धुके, गर्दी व रेडिओतील अडथळा यांनी त्यात भर घातली. तथापि या घटनेनंतर हवाई वाहतुकीत प्रमाणित शब्दावलीवर अधिक भर देण्यात आला. सूचनेला केवळ 'ओके' असे उत्तर न देता तिचा महत्त्वाचा भाग वैमानिकाने पुन्हा उच्चारून दाखवणे आवश्यक मानले जाऊ लागले. 'टेक-ऑफ' हा शब्दही प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरण्याचा दंडक रूढ झाला.

हाताची खूण

अंगठा आणि तर्जनी यांची टोके जुळवून वर्तुळ करणे व उरलेली तीन बोटे ताठ ठेवणे, ही खूण अनेक देशांत ओकेची निदर्शक मानली जाते. भारतीय योगपरंपरेतील ज्ञानमुद्रेशी तिचे साम्य आहे. परंतु दोन्हींचा अर्थ आणि संदर्भ वेगळे आहेत. पाणबुडे पाण्याखाली 'मी ठीक आहे' हे सांगण्यासाठी हीच खूण करतात. वर केलेला अंगठा हा त्यांच्या संकेतभाषेत 'पृष्ठभागाकडे चला' असा अर्थ देत असल्याने तो या कामी वापरता येत नाही.

या खुणेचा अर्थ सर्वत्र सारखा नाही. जपानमध्ये ती पैशाची निदर्शक असू शकते, फ्रान्समध्ये 'शून्य' किंवा 'कवडीमोल' असे सुचवू शकते, तर ब्राझीलमध्ये ती अश्लील समजली जाते. इ.स. २०१७ मध्ये आंतरजालावर खोडसाळपणाने पसरवलेल्या एका मोहिमेनंतर काही वर्णद्वेषी गट ही खूण वापरू लागले. त्यामुळे इ.स. २०१९ मध्ये अमेरिकेतील अँटी-डिफेमेशन लीग या संस्थेने तिचा आपल्या द्वेषचिन्हांच्या सूचीत समावेश केला. मात्र बहुतांश वेळा तिचा वापर निरुपद्रवी असतो, हेही संस्थेने नमूद केले.

संगणक

संगणकाच्या पडद्यावरील सूचनाचौकटीत 'ओके' आणि 'रद्द करा' अशी बटणे सर्वपरिचित आहेत. ॲपल कंपनीच्या लिसा या संगणकाच्या रचनेच्या वेळी या बटणावर प्रारंभी 'डू इट', म्हणजे 'करा', असे शब्द होते. चाचणीत सहभागी झालेल्या काहींनी ते जोडून 'डोल्ट', म्हणजे 'मूर्ख', असे वाचले. त्यानंतर ते बदलून ओके हा शब्द घेण्यात आला.

भारतात आणि मराठीत

भारतातील मालमोटारींच्या मागील बाजूस रंगवलेले 'हॉर्न ओके प्लीज' हे शब्द देशभर परिचित आहेत. त्यांतील ओकेच्या उगमाविषयी, जुन्या साबणाच्या जाहिरातीपासून युद्धकाळातील केरोसीनवर चालणाऱ्या वाहनांपर्यंत, अनेक कथा सांगितल्या जातात. या शब्दांमुळे अनावश्यक भोंगे वाजवण्यास प्रोत्साहन मिळते या कारणास्तव महाराष्ट्र शासनाने इ.स. २०१५ मध्ये व्यावसायिक वाहनांवर ते लिहिण्यास मनाई केली. तपासणी झालेल्या वस्तूंवरील 'ओके टेस्टेड' ही चिठ्ठीही भारतीय बाजारपेठेत दीर्घकाळ दिसत आली आहे.

मराठीत ओके हे अविकारी विशेषण म्हणून वापरले जाते; लिंग किंवा वचन यांनुसार त्याचे रूप बदलत नाही. 'ओके करणे', 'ओके होणे' आणि 'ओके देणे' अशी संयुक्त क्रियापदे रूढ आहेत. इ.स. २०२२ मधील महाराष्ट्रातील राजकीय घडामोडींच्या काळात आमदार शहाजीबापू पाटील यांच्या दूरध्वनी संभाषणाची ध्वनिफीत प्रसृत झाली. गुवाहाटीतील झाडी, डोंगर आणि हॉटेल यांचे वर्णन करताना त्यांनी सर्व 'ओके' असल्याचे ग्रामीण ढंगात सांगितले होते. त्यानंतर विरोधी पक्षांनी दिलेल्या घोषणांतही हाच शब्द आला.

मराठी पर्याय

ओकेच्या सर्व छटा एकाच मराठी शब्दात येत नाहीत. संमतीसाठी 'चालेल' व 'मान्य', स्वीकृतीसाठी 'ठीक आहे', प्रकृतीसाठी 'बरा' किंवा 'सुखरूप' आणि दर्जासाठी 'बरा' किंवा 'साधारण' हे शब्द वापरले जातात. पोच आणि विषयांतर या दोन्ही कामांसाठी 'बरं' हा शब्द ओकेच्या सर्वांत जवळचा आहे. 'बरं, पुढे काय झालं?' या वाक्यात तो नेमके तेच कार्य करतो. कार्यालयीन टिपणीत 'मान्य', 'मंजूर', 'पाहिले' आणि 'सहमत' हे शेरे स्वतंत्र अर्थाने लिहिले जातात. त्यामुळे कागद केवळ नजरेखालून गेला की त्याला मंजुरी मिळाली, याविषयी ओके लिहिल्याने राहणारी शंका या शब्दांमुळे उरत नाही.