गोदावरी, नाव लपवलेली

जुनी पाकिटं जमवायचा नाद मला बरीच वर्षं आहे. दुकानदाराने परवा एक मळकट पाकीट पुढे केलं आणि म्हणाला, "घ्या, तुमच्या नाशिकच्या नदीचं आहे." पत्ता रत्नागिरी जिल्ह्यातला, साल १९४४. कोपऱ्यात 'ऑन अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिस' लिहिलेलं, सेन्सॉरचा शिक्का आणि खाली कुणा अधिकाऱ्याची घाईतली सही. मी भिंग लावून पाहिलं. गोदावरी कुठेच नव्हती!

नसणारच म्हणा. युद्धकाळातल्या आरमारी टपालाचं कामच मुळी जहाज लपवण्याचं. जहाज कुठे आहे, कुठल्या बंदरातून निघालं हे शत्रूला कळू नये, म्हणून शिक्क्यात जहाजाचं नाव येत नसे. ब्रिटिश आरमाराच्या पत्रांवर 'फ्रॉम एच. एम. शिप्स' किंवा 'मेरिटाइम मेल' एवढंच. जहाजावरचाच अधिकारी पत्र वाचायचा, नको ते खोडायचा आणि मग शिक्का मारायचा. घरी पत्र पोचलं की आपला माणूस जिवंत आहे एवढंच कळायचं, आणि तेही पत्र टाकलं त्या दिवसापुरतं.

दुकानदाराच्या बोलण्याला पुरावा काहीच नव्हता. तरी मी ते पाकीट घेतलं. त्या निमित्ताने 'गोदावरी'ची माहिती काढत बसलो.

एच. एम. आय. एस. गोदावरी ही रॉयल इंडियन नेव्हीची स्लूप, म्हणजे व्यापारी जहाजांच्या तांड्याला सोबत करणारी, पाणबुड्यांचा माग काढणारी लढाऊ नौका. इंग्लंडात थॉर्निक्रॉफ्टच्या गोदीत बांधलेली, १९४३ साली दाखल झालेली. तिच्या बहिणी नर्मदा, यमुना, सतलज, कृष्णा, कावेरी. सगळ्या नद्याच! नाविकांत कोकणातले पुष्कळ असत, रत्नागिरीकडचे तर खूपच.

१२ ऑगस्ट १९४४ रोजी सेशेल्स बेटांजवळ 'गोदावरी' आणि ब्रिटिश फ्रिगेट 'फाइंडहॉर्न' यांनी यू-१९८ ही जर्मन पाणबुडी बुडवली. 'शहा' या विमानवाहू नौकेच्या विमानांनी तिला आधीच हेरलं होतं. फाइंडहॉर्न ही स्कॉटलंडमधली नदी. म्हणजे दोन देशांच्या दोन नद्यांनी मिळून ६६ माणसं बुडवली, एकही वाचला नाही. त्यांच्याही घरी कुणीतरी टपालाची वाट बघत असेलच की.

१९४७ मध्ये आरमाराचीही वाटणी झाली. सहा स्लूपांपैकी चार भारताकडे राहिल्या, दोन पाकिस्तानला गेल्या: नर्मदा आणि गोदावरी. तिकडे नर्मदेची 'झेलम' झाली आणि गोदावरीची 'सिंध'. १९५९ साली 'सिंध' भंगारात निघाली. हे वाचलं तेव्हा मी जरा वेळ गप्पच बसलो. जमीन वाटली, माणसं वाटली हे ठाऊक होतं, पण त्र्यंबकेश्वरला उगवणाऱ्या नदीचं नाव असं कागदावर खोडलं गेलं असेल हे कधी मनात आलं नव्हतं.

पुढे नाव परत आलं. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली आय. एन. एस. गोदावरी १० डिसेंबर १९८३ रोजी दाखल झाली आणि २३ डिसेंबर २०१५ रोजी निवृत्त झाली. तिच्यावरच्या माणसाला पत्र पाठवायचं तर जहाजाचं नाव लिहून खाली 'फ्लीट मेल ऑफिस, मुंबई' लिहायचं, बस्स. सह्याद्रीत, अरबी समुद्राच्या इतक्या जवळ उगम पावूनही पूर्वेला निघून गेलेली आमची गोदा अशी नावाने का होईना, पश्चिमेच्या समुद्रात आली.

त्या पाकिटातलं पत्र कधीच हरवलेलं आहे. ते 'गोदावरी'वरून आलं होतं की नाही हे आता कळायचं नाही. शिक्क्याने आपलं काम चोख केलं आहे, ऐंशी वर्षं झाली तरी. पाकीट मी वहीत लावलं, आणि खाली नाव लिहायची जागा मोकळी सोडली.