परदेशांतील खोली आणि स्वदेशांतील खोली

परक्या विद्यापीठांत नवा विद्यार्थी रुळला, म्हणजे त्याचें श्रेय आपण बहुधा त्याच्या चिकाटीस देतों. 'मुलगा जिद्दीचा, म्हणून निभावला,' असें घरोघर म्हटलें जातें. पंचवीस-तीस वर्षें महाविद्यालयांत शिकविल्यानंतर आम्हांस मात्र वाटूं लागलें आहे कीं, रुळणें ही एकट्या येणाऱ्याची करामत नव्हे. ज्या गांवीं तो येतो, त्या गांवानेंहि त्याला थारा द्यावा लागतो. या म्हणण्याचा पडताळा भीमराव रामजी आंबेडकर यांच्या आयुष्यांतील 1913 ते 1917 या चार वर्षांत जसा मिळतो, तसा क्वचितच अन्यत्र मिळेल.

मुंबई विद्यापीठाचे बी. ए. झालेले भीमराव 1913 च्या जुलै महिन्यांत न्यूयॉर्क येथें उतरले. वय बावीस वर्षांचें. वडील रामजी सुभेदार त्याच वर्षीं फेब्रुवारींत निवर्तले होते. सयाजीराव महाराजांनीं बडोदें संस्थानातर्फें दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति तीन वर्षांकरितां दिली होती. परत आल्यावर दहा वर्षें संस्थानची नोकरी करावी, असा करार होता.

कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहांत त्यांनीं प्रथम बिऱ्हाड केलें. तेथील नीट न शिजलेलें अन्न आणि त्यांतील गोमांस त्यांना मानवेना. आठवड्याभरांत ते वेस्ट 114 व्या रस्त्यावरील कॉस्मोपॉलिटन क्लबांत राहावयास गेले. तेथें कांहीं हिंदी विद्यार्थी होते. पुढें लिव्हिंग्स्टन हॉलमध्यें नवल भथेना या पारशी मित्राच्या सोबतीनें ते राहूं लागले, तेव्हां कोठें घडी बसली. ही मैत्री जन्मभर टिकली. जेवण न रुचणें, बिऱ्हाड बदलणें, आपल्याकडचें माणूस शोधणें, या तर कोणाहि नव्या विद्यार्थ्याच्या नेहमींच्या अडचणी. एक अडचण मात्र तेथें नव्हती: खोली देतांना त्यांची जात कोणी विचारीत नव्हतें.

अमेरिका म्हणजे समतेचें माहेरघर, असें आम्ही म्हणत नाहीं. याच विद्यापीठाच्या एका वसतिगृहांत कृष्णवर्णीय विद्यार्थी राहतो, एवढ्या कारणावरून 1924 सालीं बाहेर क्रूस जाळण्यांत आला. थारा नाकारण्याची रीत त्या देशासहि ठाऊक होती. परंतु भीमरावांस ती आडवी आली नाहीं, आणि त्याचें फळ आपल्यापुढें आहे. अर्थशास्त्राचे 29 आणि इतिहासाचे 11 अभ्यासक्रम त्यांनीं पुरे केले. सेलिग्मन आणि ड्यूई यांच्यासारखे गुरु लाभले. 1915 सालीं एम. ए. ची पदवी मिळाली. 9 मे 1916 रोजीं गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गांत त्यांनीं भारतांतील जातिसंस्थेवर निबंध वाचला. ज्या संस्थेचे चटके बालपणापासून सोसले, तिच्याकडे शास्त्रज्ञाच्या नजरेनें पाहण्याइतकी निश्चिंती त्यांना प्रथम तेथें मिळाली, असें आम्हांस वाटतें.

त्यानंतर लंडनला कांहीं काळ अभ्यास करून, शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें, 1917 सालीं ते करारानुसार बडोद्यास रुजू झाले. आतां ते स्वदेशांतच नवखे होते, आणि पुन्हां तोच प्रश्न उभा राहिला: राहावयाचें कोठें? त्यांच्या इंग्रजी आठवणी पुढें 1990 सालीं पुस्तिकारूपानें निघाल्या. त्यांत हा प्रसंग त्यांनीं स्वतःच सांगितला आहे. हिंदु खानावळीचें दार आपल्यास बंद, हें जाणून ते एका पारशी धर्मशाळेंत, खोटें पारशी नांव लावून, दररोज दीड रुपया देऊन राहिले. अकराव्या दिवशीं सकाळीं, ग्रंथालयास परत करावयाचीं पुस्तकें ते गोळा करीत असतां, काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची ताकीद झाली. एका हिंदु आणि एका ख्रिस्ती स्नेह्याकडे त्यांनीं आसरा मागून पाहिला. दोघांनींहि सबबी सांगितल्या. शेवटीं मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे पांच तास त्यांनीं कामाठी बागेंत बसून काढले.

माणूस तोच, बुद्धि तीच, चिकाटीहि तीच. किंबहुना बडोद्यास आलेला तरुण न्यूयॉर्कला उतरलेल्या तरुणापेक्षां अधिक शिकलेला होता. ज्या मोकळ्या स्नेहानें न्यूयॉर्कला एका पारशी विद्यार्थ्याची सोबत मिळाली, तिला बडोद्याच्या त्या धर्मशाळेंत वाव उरला नाहीं. तेव्हां दोष एका समाजाच्या माथीं मारून भागणार नाहीं. नकार देणाऱ्यांत तिन्ही धर्मांचे लोक होते. दहा वर्षांच्या नोकरीसाठीं संस्थानानें ज्यावर पैसा खर्च केला, तो विद्वान् एका खोलीपायीं संस्थानास अंतरला.

पुण्यामुंबईंत आज देशोदेशींचे आणि खेड्यापाड्यांतले विद्यार्थी शिकावयास येतात. आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरची एखादी खोली अशा विद्यार्थ्यांस भाड्यानें दिली जात असेल. जून महिन्यांत नवा मुलगा ट्रंक घेऊन दाराशीं आला, म्हणजे आपण त्याला पहिला प्रश्न कोणता विचारतों, हें ज्याचें त्यानें आठवून पाहावें.