‘शु’चे पाच अर्थ : सोलापूरचे पंचांग आणि खुणांची भाषा

छापील मराठी पंचांगातील एका दिवसाची ओळ ही तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण या पाच अंगांची, शक्य तितक्या कमी अक्षरांत बसवलेली नोंद असते; आणि सोलापुरातून शके 1838 मध्ये, म्हणजे 1916-17 साली, लक्ष्मणशास्त्री ऊर्फ नानाशास्त्री दाते यांनी सुरू केलेले दाते पंचांग शतकाहून अधिक काळ अशाच ओळींतून आकाशातील गणित महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचवत आले आहे. पंचांगाचा विचार बहुधा धर्मशास्त्राच्या किंवा ज्योतिषाच्या अंगाने होतो. शास्त्रीय माहिती मांडण्याची आणि वाटण्याची एक लेखनपद्धती म्हणून त्याकडे क्वचितच पाहिले गेले, आणि ही उपेक्षा अनाठायी आहे.

सूर्य व चंद्र यांच्यातील अंतर 12 अंशांनी वाढण्यास लागणारा काळ म्हणजे एक तिथी. चंद्राची गती सारखी नसल्यामुळे हा काळ सुमारे 20 तासांपासून 26 तासांहून थोडा अधिक इतका बदलतो, आणि म्हणून एखादी तिथी दोन सूर्योदयांना स्पर्श करते, तेव्हा तिला वृद्धितिथी म्हणतात, तर एखादी एकाही सूर्योदयाला सापडत नाही, ती क्षयतिथी होय. असा हा लवचिक मजकूर वहीच्या रुंदीच्या एका ओळीत बसवायचा, तर शब्दांना काट मारावीच लागते. सोमवारासाठी ‘चं’, रोहिणीसाठी ‘रो’, कालासाठी नुसते आकडे असा संक्षेप त्यातूनच रूढ झाला.

या संक्षेपाची किंमत ‘शु’ या एका अक्षरात दिसते. ते शुक्ल पक्षाचे चिन्ह असू शकते, शुक्रवाराचे असू शकते, ग्रहांच्या कोष्टकात शुक्राचे असू शकते, आणि 27 योगांपैकी शुभ व शुक्ल यांपैकी कोणत्याही एकाचे असू शकते. त्यातही हे दोन योग यादीत लागोपाठ येतात, तेव्हा संक्षेपाने लिहिल्यास लागून असलेल्या दोन दिवसांपुढे तेच अक्षर येईल आणि पहिले शुभ, दुसरे शुक्ल, हे वाचणाऱ्याने क्रमावरून ओळखायचे. पूर्वा फाल्गुनी, पूर्वाषाढा आणि पूर्वा भाद्रपदा या तिघींना ‘पू’ पुरते, ते मागेपुढे मघा आहे की मूळ, हे दिसते म्हणूनच. पंचांगात अर्थ अक्षरात नसतो, रकान्यात असतो, आणि रकान्यांचा क्रम ज्याला तोंडपाठ आहे त्यालाच तो उलगडतो. गावोगावच्या जोश्यांची विद्या काही अंशी या क्रमाची विद्या होती.

मुद्रणाने या पद्धतीला स्थैर्य दिले. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी 1841 मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग छापले. त्यापूर्वी हस्तलिखितावरून हस्तलिखित उतरताना एखादा रकाना सरकला की संपूर्ण ओळीचा अर्थ सरकत असे. पुढे केरो लक्ष्मण छत्रे यांनी 1860 मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ सिद्ध केली आणि 1865 पासून पटवर्धनी पंचांग निघू लागले, तेव्हा पाश्चात्त्य वेधांशी जुळणारे गणित मराठीत आले. पण त्याचबरोबर पंचांगकर्त्यांत एक मोठा वादही उभा राहिला, ज्याचे मूळ गणितात नव्हते, आरंभबिंदूत होते.

नक्षत्रचक्राची सुरुवात कोठून मोजायची, हा तो प्रश्न. छत्रे यांनी रेवती नक्षत्रातील एक तारा प्रमाण मानला, आणि पुढे टिळक पंचांगानेही तोच पक्ष धरला. सोलापूरपासून फार दूर नसलेल्या बागलकोट येथे शिक्षक असलेले व्यंकटेश बापूजी केतकर यांनी चित्रा ताऱ्याचा पुरस्कार केला. दोन्ही आरंभबिंदूंत सुमारे 4 अंशांचे अंतर पडते आणि सूर्य दिवसाला जवळजवळ एक अंश चालतो, त्यामुळे चित्रापक्षाची मकरसंक्रांत 14-15 जानेवारीला येत असताना टिळक पंचांगाची 10 जानेवारीच्या सुमारास येते. सोलापुरात हा भेद केवळ विद्वानांचा राहू शकत नव्हता. ग्रामदैवत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संक्रांतीला बांधलेली आहे. 68 लिंगांचा तैलाभिषेक, नंदीध्वजांची मिरवणूक आणि संमती कट्ट्यावरील अक्षता सोहळा यांच्या तारखा या चार अंशांच्या एका बाजूला उभ्या आहेत. दाते पंचांग चित्रापक्षीय आहे. ‘चित्रापक्षीय’ हा एक शब्द आतील हजारो आकडे कोणत्या बिंदूपासून मोजले आहेत हे सांगतो, आणि तो नसेल तर ते आकडे बरोबर असूनही निरुपयोगी ठरतात.

स्थळाचा प्रश्नही असाच होता. जुन्या पंचांगांत काळ सूर्योदयापासून घटी-पळांत दिला जाई. एक घटी 24 मिनिटांची आणि एक पळ 24 सेकंदांचे, म्हणजे प्रत्येक आकडा त्या गावच्या सूर्योदयाला टांगलेला असे. सोलापूर मुंबईच्या सुमारे 3 अंश पूर्वेला असल्याने येथे सूर्य साधारण 12 मिनिटे आधी उगवतो, आणि तिथी नेमकी या 12 मिनिटांत संपली, तर सोलापुरात उदयतिथी एक आणि मुंबईत दुसरी, असे घडते. भारतीय प्रमाणवेळ 1906 पासून लागू झाली. 1877 मध्ये स्थापन झालेल्या जुन्या मिलसारख्या गिरण्यांच्या भोंग्यावर ज्या शहराचा दिवस बांधला गेला, त्या शहराला घटिकांपेक्षा घड्याळ जवळचे होते. तास-मिनिटांत लिहिलेला तिथीचा शेवट सर्व देशाला एकच राहतो. गावागणिक बदलतो तो फक्त सूर्योदय, आणि त्यासाठी निराळे कोष्टक पुरते. मूळ माहिती आणि तिचे स्थानिक वाचन वेगळे करणे ही साधी दिसणारी, पण मोठी सुधारणा होती.

अर्थ अक्षरात नसून रकान्यात असण्याची अडचण संगणकाच्या क्षेत्रात दुसऱ्या वाटेने आली. संपादक हस्तलिखितावर जुळाऱ्यासाठी ज्या खुणा करी, की हे शीर्षक, हे ठळक, त्यांना इंग्रजीत ‘मार्कअप’ म्हणत. आयबीएममध्ये 1969 च्या सुमारास तयार झालेल्या एका भाषेत त्या खुणा दिसण्याऐवजी अर्थ सांगू लागल्या. तिच्यापासून 1986 मध्ये एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय प्रमाण झाले आणि 1998 मध्ये एक्सएमएल आली. या भाषेत प्रत्येक मजकुराच्या आधी व नंतर त्याचे नाव लिहिलेले असते. ‘शु’च्या दोन्ही बाजूंना ‘योग’ अशी पाटी असेल, तर यंत्राला रकाना मोजावा लागत नाही, कारण यंत्र जोश्यासारखे मघा आणि मूळ मागेपुढे पाहून समजून घेत नाही. जागा अर्थातच कितीतरी पटींनी अधिक लागते. कागदाच्या काळात हा उधळेपणा परवडणारा नव्हता.

खगोलशास्त्राने या भाषेवर आधारलेला व्हीओटेबल हा साचा 2002 मध्ये स्वीकारला, ज्यायोगे निरनिराळ्या वेधशाळांची कोष्टके एकमेकांना वाचता यावीत. महाराष्ट्राचा त्याच्याशी थेट संबंध आहे, कारण पुण्याच्या आयुका संस्थेने पर्सिस्टंट सिस्टिम्स या कंपनीबरोबर अशी कोष्टके वाचून आलेख काढणारी व्हीओप्लॉट ही आज्ञावली तयार केली. व्हीओटेबलमध्ये प्रत्येक रकान्याच्या वर्णनात त्याचे नाव येते, आकडा अंशांत आहे की सेकंदांत हे त्याचे एकक देता येते, आणि ती राशी कोणत्या प्रकारची आहे हेही नोंदवता येते. शिवाय त्यात एक स्वतंत्र खूण अशी आहे की जी कोष्टकातील स्थाने कोणत्या निर्देशपद्धतीत आणि कोणत्या संपातबिंदूला धरून मोजली आहेत तेवढेच सांगते. सोलापूरचे पंचांग हे काम ‘चित्रापक्षीय’ या एका शब्दात करते.