८० नंबरचा दरवाजा

तर मंडळी, झालं असं. आमची आक्का (वय ८४) दिवाळीला मानकोलीला राहायला आली. तिच्या तोंडून ऐकलेल्या माहेरच्या आठवणी मी वर्षभर टाइप करत होतो. छापील अक्षर तिला आता दिसत नाही, पण टॅबवर ते बोटाने मोठं करता येतं. म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर अपाची हा वेब सर्व्हर बसवायचा आणि पानं तिच्या टॅबवर उघडायची असं ठरवलं. बाहेरच्या इंटरनेटशी संबंध नाही, सगळं घरातल्या घरात. सोपं वाटलं होतं!

बटण दाबलं की सर्व्हर सुरू होई आणि लगेच मान टाकी. नातू फोनवर म्हणाला, "आजोबा, एरर लॉग उघडा." लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी. तीत लिहिलं होतं की ८० नंबरचं पोर्ट दुसऱ्याने अडवलंय. 'नेटस्टॅट' ही कमांड दिली, त्यातून अडवणाऱ्याचा नंबर मिळाला आणि टास्क मॅनेजरमध्ये नाव. चोर कोण? अपाचीच! शिकताना मीच एकदा बसवून विसरलो होतो. कॉम्प्युटर चालू झाला की तो गुपचूप ८० नंबरवर येऊन बसे. त्याला बंद केलं.

पोर्ट म्हणजे कॉम्प्युटरचे नंबर घातलेले दरवाजे. जुलै १९९२ च्या अधिकृत यादीत ८० नंबर वेबच्या नावे लागला. अपाची १९९५ चा. अमेरिकेतल्या एनसीएसए या संस्थेच्या सर्व्हरला ठिगळं लावत काही मंडळींनी तो उभा केला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. मी तेव्हा सातवीला शिवकाल शिकवत होतो आणि यातलं काहीही मला ठाऊक नव्हतं. असो.

आता माझ्या कॉम्प्युटरवर १२७.०.०.१ टाकलं की पान दिसे (हा पत्ता म्हणजे यंत्राने स्वतःलाच घातलेली हाक). आक्काच्या टॅबवर मात्र नुसतं गोल फिरत राही. वाटेत फायरवॉल!

हा शब्द बांधकामातला. एका खोलीची आग दुसरीत जाऊ नये म्हणून मध्ये घातलेली भिंत. आमच्या भिवंडीच्या गोदामांना आगी लागतात, त्यामुळे तिची किंमत आम्हाला सांगावी लागत नाही. काम मात्र ती मुलुंडच्या जकात नाक्यासारखं करते: कागद दाखवा, मगच आत. (तो नाका १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर संपला. हा नाही संपला.)

आधी दारं उघडीच असायची, कारण जाळ्यावरचे लोक एकमेकांना ओळखत. २ नोव्हेंबर १९८८ ला रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने एक किडा सोडला आणि हजारो यंत्रं लुळी पडली. तेव्हापासून मोठ्या संस्था भिंती बांधू लागल्या. घरगुती कॉम्प्युटर मात्र उघडेच राहिले. विंडोज एक्सपीत २००१ पासून भिंत होती, पण मुळात बंद! ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा किडा १३५ नंबरच्या दारातून शिरला, आणि वर्षभराने, ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून, ती आपोआप चालू राहू लागली. म्हणजे आक्काला अडवणारी भिंत कुणाच्या तरी जळलेल्या घरावरून शिकून बांधलेली होती. मग तिच्यावर रागवायचं कसं?

नातू म्हणाला, फायरवॉल सरसकट बंद करू नका. घरचं वायफाय विंडोजने 'पब्लिक' धरलं होतं, ते 'प्रायव्हेट' केलं. मग फक्त अपाचीला आत येण्याची परवानगी दिली. टॅबवर कॉम्प्युटरचा घरातला पत्ता टाकला आणि पान उघडलं. हुश्श!

आक्काने अक्षर मोठं केलं. बराच वेळ वाचत होती. मी पाणी घेऊन गेलो तर वर न बघता म्हणाली, "अरे, आईचं माहेरचं नाव चुकवलंयस. ते आधी नीट कर."