अंगणात आलेली शाळा



सकाळी लेकराला अंगणवाडीत सोडून आपण शेताची वाट धरतो. अंगणवाडी म्हटलं की खिचडी, वजनकाटा आणि लस आठवते. पण ही अंगणवाडी ज्या बाईच्या कामातून उभी राहिली, ती काही वर्षं आपल्या अमरावतीत नांदून गेली, हे ठाऊक आहे का? त्या ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईचा. मुलींनी शाळेचं तोंड पाहणंही अवघड, त्या काळात त्या पदवीधर झाल्या. लग्नानंतर अमरावतीत राहिल्या. पुढे गुजरातेत गेल्या आणि १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात काम करू लागल्या.

तिथे चालत होती मारिया मॉन्टेसरी यांची पद्धत. इटलीच्या या डॉक्टरबाईंनी १९०७ मध्ये रोम शहरातल्या गरीब वस्तीत बालगृह काढलं होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं : शिकवायच्या आधी लेकराकडे नीट बघा. खरखरीत कागदाच्या अक्षरावरून लेकरू बोट फिरवतं, हाताला अक्षर कळतं, मग लिहिणं-वाचणं येतं. ही पद्धत देशोदेशीच्या शाळांत गेली. गिजुभाई आणि ताराबाईंनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. गुजरातीतली ‘शिक्षणपत्रिका’ ताराबाईंनी मराठीतही आणली. एका शिक्षकाचा अनुभव दुसऱ्याच्या कामी येऊ लागला. १९३९ मध्ये मॉन्टेसरीबाई स्वतः मद्रासला येऊन शिक्षकांना शिकवू लागल्या.

पण ती साधनं महाग. शहरातल्या खात्यापित्या घरांनाच परवडणारी. मग खेड्यातल्या लेकरांचं काय? हा प्रश्न घेऊन ताराबाई १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. लहानपणीच वैधव्य आलेल्या अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. विकतच्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, पानं, खडे आले.

तरी दलित वस्तीतली लेकरं बालवाडीत येईनात. ताराबाईंनी आईबापांना बोल लावला नाही. बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढे १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी लेकरांसाठी गेल्या. तिथे मुलं गुरं राखत, म्हणून शाळा कुरणात भरवली. धाकट्या भावंडाला सांभाळावं लागे, म्हणून शाळेला पाळणाघर जोडलं.

१९७३ मध्ये ताराबाई गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली.

आज आपल्या सेविकाताई वजन घेतात, आहार वाटतात, नोंदी भरतात. या सगळ्यात लेकराकडे बघत बसायला त्यांना वेळ किती उरतो? सातपुड्याच्या पायथ्याचं कोरकू बोलणारं लेकरू गप्प बसलं, तर ते मठ्ठ नाही, त्याला आपली भाषा कळत नाही, हे शेजारी बसल्याशिवाय कसं समजणार?

तेव्हा बायांनो, गटाच्या पुढच्या बैठकीला सेविकाताईंना बोलवा. किती किलो भरलं एवढंच विचारू नका. आज माझं लेकरू काय बोललं, कशाशी खेळलं, तेही विचारा. घरचे चिंचोके, सरकी, तुरीच्या शेंगा अंगणवाडीत पोचवा. आणि एक दिवस तासभर तिथे बसून बघा. रोमच्या त्या वस्तीतलं काम असंच बघण्यातून सुरू झालं होतं.