कॉमेट विमान व उत्पादनविकासातील जोखीम

नव्या उत्पादनाच्या विकासात अपयशाची संभाव्य कारणे आधीच ओळखून त्यांवर उपाय योजण्याच्या पद्धतीस जोखीम-व्यवस्थापन म्हणतात. कॉमेट या जगातील पहिल्या जेट प्रवासी विमानाचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. कारण तेथे चाचण्यांचा अभाव नव्हता, तर एका चाचणीनेच खोटा विश्वास निर्माण केला होता.

ब्रिटनमधील डी हॅव्हिलंड कंपनीच्या या विमानाने २७ जुलै १९४९ रोजी पहिले उड्डाण केले व २ मे १९५२ पासून लंडन–जोहॅनिसबर्ग मार्गावर प्रवासी वाहतूक सुरू केली. ते सु. १२,००० मी. उंचीवर उडत असल्याने आतील हवेचा दाब बाहेरच्या विरळ हवेपेक्षा बराच अधिक ठेवावा लागे. त्यामुळे प्रत्येक उड्डाणात धातूचे पातळ कवच ताणले जाई व उतरल्यावर सैल होई. अशा वारंवार ताणाने धातूला सूक्ष्म तडे पडून तो अखेर तुटतो. यास धातूचा शिणवटा म्हणतात.

१० जानेवारी १९५४ रोजी एल्बा बेटाजवळ एक कॉमेट समुद्रात कोसळून ३५ जण मृत्युमुखी पडले. निश्चित कारण सापडण्यापूर्वीच, संभाव्य दोषांवर सुधारणा करून, २३ मार्च रोजी वाहतूक पुन्हा सुरू करण्यात आली. ८ एप्रिल रोजी नेपल्सजवळ दुसरे विमान कोसळले व २१ जण ठार झाले.

त्यानंतर फार्नबरो येथे आर्नल्ड हॉल यांच्या नेतृत्वाखाली वापरातील एका कॉमेटचे धड पाण्याच्या टाकीत ठेवून त्यावर वारंवार दाब देण्यात आला. पूर्वीच्या उड्डाणांसह सु. ३,००० दाबचक्रांनंतर ते फाटले. कंपनीच्या १९५३ मधील चाचणीत मात्र धडाचा नमुना सु. १८,००० चक्रे टिकला होता. या तफावतीचे कारण असे, की त्याच नमुन्यावर आधी दुप्पट दाबाची बळकटीची चाचणी झाली होती. तीत छिद्रे व कोपरे यांजवळील धातू किंचित ताणला जाऊन कायमचा विरूपित झाला व त्यामुळे शिणवट्यास अधिक काळ दाद देईनासा झाला. प्रवासी विमानांना हे संरक्षण लाभले नव्हते.

जाड पत्रा व सुधारित खिडक्या असलेले कॉमेट-४ ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिकपार सेवेत आले. त्याच महिन्यात अमेरिकेचे बोईंग ७०७ ही आले व कॉमेटची आघाडी संपली. चाचणीचा नमुना प्रत्यक्ष उत्पादनाशी समतुल्य असावा आणि कारण अज्ञात असता वापर चालू ठेवू नये, हे दोन धडे या दुर्घटनांतून मिळाले.